सगळ्या फाइलींवर ताईंचं नाव

माझा स्वभाव आधीपासूनच संशयी. चहात साखर कमी पडली तरी कोणी मुद्दाम केलं का, हे मी बघतो. त्यात बोरगाव मेघेजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे आगीत तेलच.

परीक्षा विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसायच्या. ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या क्लार्क, निवृत्तीला वर्ष उरलेलं. नवा सर्व्हर आला तेव्हा दसऱ्याला त्याला हार घातला, नारळ फोडला आणि पहिलं खातं ताईंच्या नावाने उघडलं. मान त्यांचा. आमच्याकडे नव्या कपाटाची पहिली किल्लीही अशीच सगळ्यांत जुन्या माणसाच्या हाती जाते.

पुढे एकदा गणिताच्या अंतर्गत गुणांच्या यादीत चार मुलांचे गुण वाढलेले दिसले. फाइल ज्याने ठेवली त्याचं नाव सर्व्हर तिच्यावर नोंदवतो, ते मी पाहिलं. ताईंच्या! चौघांतला एक समुद्रपूरचा, आणि ताईंचं माहेरही तिकडचंच. झालं, माझं डोकं फिरलं. अलीकडच्या बाकी याद्या उघडल्या, त्यांच्यावरही ताईंचंच नाव. मी तडक प्राचार्यांकडे गेलो. दुसऱ्याच दिवशी ताईंकडून लेखी खुलासा मागितला गेला आणि परीक्षेचं काम काढून त्यांना लायब्ररीत बसवलं. चौकशी लागली तर त्यांची पेन्शन अडकणार, हे मला ठाऊक होतं. खरं सांगतो, तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.

जो फाइल ठेवतो त्याचंच नाव येतं, हा पुरावा पक्का करावा म्हणून ताई रजेवर असताना मी माझ्याच मशीनवरून एक रिकामी फाइल गुणांच्या फोल्डरमध्ये ठेवली. तिच्यावरही ताईंचं नाव. ताईंचं मशीन बंद, त्या स्वतः पुलगावला लग्नात. तरी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बाईंनी माझंही मशीन ताब्यात घेतलं की काय!

शेवटी सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली. तिचा वरचा भाग सगळ्या फोल्डरांना लागू होतो. खाली एकेका फोल्डरचा वेगळा भाग असतो. तिथे काही वेगळं लिहिलं असेल तर त्या फोल्डरपुरतं ते चालतं, नाहीतर वरचंच. नोटिसांच्या फोल्डरमध्ये कोणालाही कोणाचीही नोटीस दुरुस्त करता यावी, म्हणून मी एक ओळ लिहिली होती: फाइल कोणीही ठेवो वा बदलो, ते काम पहिल्या खात्याने, म्हणजे ताईंच्या, केलं असं धरावं. ती ओळ नोटिसांच्या भागात हवी होती. मी घाईत ती वर लिहून मोकळा झालो होतो.

गणिताच्या सरांना गुणांबद्दल विचारलं. ते हसले. "मीच बदलवले ना! बेरीज चुकली होती माह्यी."

प्राचार्यांसमोर कबुली दिली, त्यांनी खुलाशाचं पत्र मागे घेतलं. मग लायब्ररीत जाऊन ताईंना सगळं सांगितलं, हात जोडले. त्या एका पुस्तकाला कव्हर घालत होत्या.

"चूक होते भाऊ," त्या म्हणाल्या. "पण सायबाकडे जाच्या आधी मले एकदा काऊन नाई इचारलं?"

प्राचार्यांनी परत बोलावूनही त्या परीक्षा विभागात आल्या नाहीत. उरलेलं वर्ष त्यांनी लायब्ररीतच काढलं.