सुजलेली मान

लग्न होऊन आले तेव्हा कळलं, मला आधीच एक सवत आहे. तीही चार पायांची! आमचे हे सापाच्या विषावरचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात घोडे सांभाळायचे. घोड्यांना विष थोडं थोडं टोचत, त्यांच्या रक्तात विषाचा उतारा तयार झाला की थोडं रक्त काढून त्याचं औषध करत. त्यातल्या एका तांबड्या घोडीला हे ‘बाईसाहेब’ म्हणायचे. मला उभ्या जन्मात एकदा म्हटलं नाही.

विष एका तेलकट औषधात कालवून मानेत टोचायचे. दुसऱ्या दिवशी मान टरारून सुजायची. बाईसाहेब कोंड्याला तोंडसुद्धा लावायची नाही. ह्यांचा जीव तुटायचा. शेवटी हे सूज उतरवायच्या गोळ्या कुटून गुपचूप तिच्या कोंड्यात घालू लागले. मी म्हणायची, "माझं डोकं दुखतं तेव्हा कुठे असतो हो हा खलबत्ता?"

बाकीच्या घोड्यांच्या रक्ताला जोर चढला, हिच्या रक्तात उतारा काही तयार होईना. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही विकून टाकू. म्हातारी घोडी घेणार कोण? खाटीकच. हे घरी आले ते भिंतीला टेकून बसले, ताटाला हात लावला नाही.

"जा, गोळ्यांचं सांगून टाका त्यांना," मी म्हणाले. "नोकरी गेली तर गेली."

ह्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या, मग कपाळाला हात लावून बसल्या. "अहो, सूज येते म्हणजे शरीराच्या दारावरचे राखणदार खवळतात. ते आरडाओरडा करतात, विषाची खूण आत नेऊन दाखवतात, तेव्हा कुठे आतले शिपाई विष ओळखायला शिकतात आणि उतारा बनवतात. तुम्ही राखणदारांचंच तोंड दाबलंत की!" अजून एकदा टोचून बघू म्हणाल्या. पण गोळी द्यायची नाही.

त्या खेपेला ह्यांनीच तिचं डोकं धरलं. मान सुजली, ती कण्हत राहिली, आणि हे नुसते शेजारी उभे. घरी येऊन ढसाढसा रडले. सवतीवरचा माझा राग त्या दिवशी गेला तो गेलाच.

रक्ताला जोर आला. बाईसाहेब राहिली. राहिली म्हणजे पुन्हा सुई आली, पुन्हा सूज आली. आता ती ह्यांच्या हातचा कोंडा खात नाही. दुसऱ्या कुणी दिला तर खाते.

"रुसलीय हो," मी म्हणाले.

"रुसू दे," हे म्हणाले. "रुसायला आहे ना."