नावेची हळद

नदी अन् गळकी नाव म्हटलं का तुमी लगेच सरसावून बसले असाल. आता वादळ सुटते, नाव मधोमध गटांगळ्या खाते, अन् हा पोट्टा पोहत जाऊन नवरीले वाचवते. बसा आरामानं. मले पोहता येत नव्हतं, नवरी घरी केस धुवून राहिली होती, अन् नाव वैनगंगेच्या काठाले दोरानं बांधली होती. बुडून राहिलं होतं ते माह्या मामाचं नाक.

मामा तिरोड्याकडच्या एका घाटावर नाव चालवे. माघात त्याच्या पोरीचं लगन निघालं. नवरदेव पलीकडच्या काठचा. मामानं सोयऱ्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "वरात माह्याच नावेत येईल. मांडव घालून आणतो, पाहाच तुमी." अन् खरंच त्यानं नावेत मांडव घातला. चार बांबू, वरून जांभळीचे डहाळे, अन् समोरच्या टोकाले सालईची मुहूर्तमेढ. घरच्या दारात एक मेढ होतीच. ही दुसरी. तिच्या बुडाशी मातीचा ढीग, ढिगावर कुंकू, अन् मामी येता-जाता तांब्याभर पाणी वाहे.

लगनाच्या दिवशी सकाळी पाहतो त नावेत पायाच्या घोट्याइतकं पाणी. उपसलं. न्याहारी करून आलो त पुन्हा तेवढंच. अन् दुपार ढळली का वरात पलीकडच्या काठावर उभी राहणार होती.

नावेचं तोंड काठच्या उथळ पाण्यात रेतीले टेकून जरासं उचललेलं होतं, म्हणून सारं पाणी शेपटाकडे जमा होऊन राहिलं होतं. मामा शेपटात उकिडवा बसून फटीफटीत राळ अन् अंबाडीचा धागा कोंबत होता. काठावर गावातले रिकामे लोक जमले. प्रत्येकाले नाव कुठं गळते ते पक्कं ठाऊक होतं, अन् प्रत्येकाची जागा वेगळी होती. तेवढ्यात खालच्या घाटावरचा नावाडी बिडी ओढत आला.

"काय जी भाऊ, वरात मी आणू का? माह्या नावेत मांडव नाही, पण पाणीबी नाही."

 मामा राळ असा कोंबू लागला का जसं त्या नावाड्याच्याच तोंडात कोंबून राहिला.

मी तवा गोंदियाच्या शाळेत शिकत होतो. तिथून एकच विद्या आणली होती, आवाज काढायची. हेडमास्तर, स्टेशनवरचा 'चाय गरम'वाला, नाकात बोलणारा आमचा भटजी, सारे माह्या गळ्यात राहत. मामा त सगळ्यात सोपा. पहिले खाकरायचं, मंग म्हणायचं, "अवं, ऐकून राहिली का?"

मी म्हटलं, "मामाजी, नाव पुरी रेतीवर ओढा, अन् आत पाणी भरा. जिथून बाहेर टपकेल तिथं भोक."

"उपसून उपसून माहे हात तुटले, अन् हा म्हणते भरा!"

पण दुसरा इलाज नव्हता. दहा-बारा जणांनी नाव रेतीवर घेतली, ओंडक्यांवर टेकवली, अन् घागरी ओतल्या. झालं काय, का नाव आत्ताच नदीतून निघालेली, बाहेरून ओलीगच्च, वरून काळं डांबर. सारीच टपकून राहिली. कुठलं पाणी आतलं, कुठलं नदीचं, कोणाले समजे ना. नावाड्यानं दुसरी बिडी पेटवली.

मले वाटलं, पाण्याले रंग पाहिजे. अन् लगनाच्या घरी रंग कशाचा असते?

मी पळत घरी गेलो. स्वयंपाकघराच्या कुडामागं उभा राहिलो, खाकरलो. "अवं, ऐकून राहिली का? हळदीचा गंज दे."

"कायले जी?" आतून मामी.

"काम हाये. दे लवकर!"

घरात सासरे-दीर भरलेले, म्हणून मामीनं नाकापर्यंत पदर ओढलेला. पाठ फिरवूनच हात बाहेर केला. हातात गंज, पितळेचं पातेलं, अन् त्यात नवरीची हळद.

नावेत ओतली. आतलं पाणी पिवळंधम्मक झालं. पोट्टे नावेच्या चहूकडून वाकून बसले. शेपटाकडे काहीच नाही. अन् मंग समोरच्या टोकाखाली, काळ्या डांबरावरून, एक बारीक पिवळी धार. मामा रेतीवर उताणा पडून खाली सरकला. "खिळा हाये बे! खिळ्याचं टोक निघालं इथून!"

सगळ्यांनी वर पाहिलं. बरोबर वर मुहूर्तमेढ.

नावेत खड्डा खणता येत नाही, म्हणून मेढ उभी करताना तिच्या बुडातून फळीत लांब खिळा ठोकला होता. वरून माती, मातीवर कुंकू. माती ओली दिसे त वाटे मामीनं पाणी वाहिलं. अन् लगन लागेपर्यंत मेढीले कोण हात लावते?

"खिळा कोनं ठोकला जी?" नावाड्यानं लई गरीब तोंड करून विचारलं.

ठोकणारा अजून नावेखालीच होता. बाहेर निघायची त्याले काही घाई दिसली नाही. तिथूनच त्यानं राळ मागितली, अन् मेढ न हलवता खालूनच भोक बुजवलं.

मले राहवलं नाही. मी भटजीच्या नाकातून सुरू झालो, "शुभमंगल सावधान! नावेले हळद लागली हो, आता तिच्यासाठी नवरदेव पाहा!" लोक हसून हसून रेतीवर बसले. हसणं घरापर्यंत गेलं, अन् मामी घाटावर आली. तिनं पिवळी नाव पाहिली.

"माह्या पोरीची हळद नावेले?" ती मामावर कडाडली. "म्हणून मागतली व्हय?"

"मी? मी कवा मागतली?"

मंग दोघंही हळूहळू माह्याकडं वळले.

वरात त्या दिवशी कोरड्या पायानं उतरली, अन् नवरीले शेजारच्या घरून आणलेली हळद लागली, हे सांगून ठेवतो. पण मामानं मले सोडलं नाही. आमच्याकडं भाच्यावर हात उगारत नाहीत, मामाच भाच्याच्या पाया पडते. त्यानं मले घरच्या मांडवात नेलं, सोयऱ्यांसमोर वाकून माह्या पायाले हात लावला, सरळ उभा राहिला, अन् सुरू झाला.

"भाचा हायेस म्हणून वाचला, हरामखोरा! माह्याच आवाजात माह्याच बायकोले फसवतेस? लगन झाल्यापासून एका हाकेत मले तिनं पाण्याचा लोटा देल्ला नाही, अन् तुले हळदीचा गंज देल्ला!"

"अन् आता तुमालेबी नाही भेटन!" आतून मामी ओरडली. "आजपासून खाकरू नका कोणी कुडामागून! पहिले तोंड दाखवायचं, मंग मागायचं!"