टर्नरभाऊंचा अंगठा

टर्नरभाऊ आपल्या उजव्या अंगठ्याला घरातलं एक काम सांगायचे नाय. दाराची बेल दाबायची तर डाव्या हातानं. शेंगा सोलायच्या तर डाव्या हातानं आनि दातानं. थंडीत त्याला खोबरेल लावायचे, खेळायच्या आधी तेल पुसून पावडर लावायचे. कोनी हात मिळवायला पुढं आला की हे लांबूनच नमस्कार करायचे. मला बोलायचे, "कोन कसा दाबील सांगता येत न्हाई, वहिनी. ह्या अंगठ्यानं माजं पोट भरत न्हाई, पर दिवस भरतो."

मी तेव्हा मॉलमधल्या बॉलिंगला शूज द्यायला होती. लांबच लांब लाकडी पट्टी, तिच्या टोकाला दहा पिना उभ्या, आनि जड बॉल सोडून त्या पाडायच्या, असा तो खेळ. बॉल सोडताना पाय घसरायला लागतो, म्हनून गुळगुळीत तळाचे शूज घालतात. ते मी द्यायची, परत आले की आत स्प्रे मारून ठेवायची. मी बोनकोड्याची. लहानपनी मिठागरावर अनवानी चालली. टाचा फाटायच्या, त्यात मिठाचं पानी जायचं, आनि आय बोलायची, रडू नको, डोळ्यातलं पन खारटच हाय. मंग मिठागर गेलं, शेत गेलं, शहर आलं. नवरा रबाळ्याला कंपनीत होता. कंपनी बंद पडली, त्याच वर्षी तो पन गेला. पोरं लहान, रडत बसायला सवड कुठली? लोकांच्या घरी भांडी घासली, ऑफिसात लादी पुसली, आनि म्हातारपनी हे शूज हातात आले. मी म्हनलं, बरं हाय, निदान बसून काम हाय.

टर्नरभाऊ त्याच कंपनीत लेथ मशीनवर होते, म्हनून टर्नर. खरं नाव कोनी घ्यायचं नाय. मानूस साताऱ्याकडचा, कोपरखैरन्याला राहायचा. पुढं दुसऱ्या कंपनीत लागले, तिनं एकदा सगळ्या कामगारांना मजा करायला बॉलिंगला आनलं, आनि हा मानूस त्या पट्टीवरच अडकला. रिटायर झाले तेव्हा पोरगा बोलला, बाबा, अंगठी करतो. हे बोलले, बॉल घे. निळा बॉल आला, भोकं ह्यांच्या बोटांच्या मापानं पाडलेली. बायकोनं विचारलं, "आता देव्हाऱ्यात बसवताय का ह्याला?" ती बिचारी दोन वर्सांत गेली. पोरगा पुन्याला. मंग भाऊ रोज सकाळी मॉल उघडला की पयले आत.

त्यांचं टाकनं बघायसारखं होतं. अंगठा आनि दोन बोटं भोकात, हात मागं जायचा तो झोपाळ्यासारखा, घाई नाय, जोर नाय. आधी अंगठा सुटायचा, मंग बोटं बॉलला हलकेच वळवायची. बॉल पट्टीच्या कडेकडेनं जायचा आनि शेवटी आत वळायचा. मला तर वाटायचं, हा बॉल पाहुन्यासारखा येतो, दाराशी थांबतो, चपला काढतो, मंग आत शिरतो. कोपऱ्यात एकटी पिन उभी राहिली की भाऊ तिला असे टिपायचे, जसं ताटातलं शेवटचं शीत.

जुईनगरची वैदेही यायला लागली आनि ह्यांच्या डोक्याला ताप झाला. ती विम्याच्या ऑफिसात कामाला, सुट्टीच्या दिवशी सकाळी यायची. ती टाकायची दोन हातानं. अंगठा भोकात घालायचाच नाय, उजव्या हाताची दोन बोटं आत, डावा तळवा बॉलच्या पोटाला, आनि खाली वाकून पळत सुटायची. तिचा बॉल भोवऱ्यासारखा फिरायचा. पाहुनाबिहुना काय नाय, पोलीस घुसतो तसा घुसायचा, पिना चारी बाजूला. पन कोपऱ्यातली एकटी पिन तिला सापडायची नाय. बॉल इतका वळायचा की तिला चुकवून भलतीकडं.

भाऊ खुर्चीवरून ओरडायचे, "पोरी, बॉल टाकतीस का हांडा उचलतीस?"

ती मागं न बघता बोलायची, "काका, तुमचा एक हात नुसता बसून असतो. भाजी आणायला पाठवा ना त्याला."

"दोन हातांचा खेळ न्हवं तो. दळान हाय दळान!"

"मग पीठ बघा की किती पडलं!" आनि पिना धडाधड पडायच्या.

भाऊ रागानं माझ्याकडं बघायचे. मला हसू यायचं, मी शूजमध्ये तोंड घालायची. पन त्यांची ती नुसती चेष्टा नव्हती. बाकीची पोरं शिकायला यायची त्यांना ते सांगायचे, "माज्याकडं शिकायचं तर एक हात. दुसरा ज्याला लावायचा त्यानं घरी पाळना हलवावा." दोन-चार पोरांना त्यांनी खरंच परत पाठवलं. वैदेहीला मात्र परत पाठवता येईना, कारन ती शिकायला आलीच नव्हती.

मॅनेजरला भारी चेष्टा सुचली. पुढल्या उन्हाळ्यात सगळ्या बॉलिंगवाल्यांची जोड्यांची स्पर्धा होती, त्यानं ह्या दोघांची जोडी लावली. बोलला, एक पिना पाडील, दुसरा उरलेल्या वेचील. दोघं तोंड फुगवून तयार झाले.

आनि मंग दसरा आला.

कंपनीत दसऱ्याला मशीनची पूजा असते, हार घालायचा, हळदकुंकू लावायचं आनि नारळ मशीनच्या पायाशीच फोडायचा. भाऊंनी ती रीत मॉलमध्ये आनली होती. दर वर्षी आपला निळा बॉल मांडायचे, पट्टी सुरू होते तिथं काळी रेघ असते, तिच्या अलीकडं फडक्यावर दगड ठेवून नारळ फोडायचे, आनि मुहूर्ताचा पयला बॉल स्वतः टाकायचे. मॅनेजर कुरकुर करायचा, साहेब, बाहेर फोडा. भाऊ म्हनायचे, "देव मशीनपाशी असतो, पार्किंगमधी न्हाई." पानी सांडायचं, पोरं पुसायची. त्या वर्षी पन पुसलं. पन भाऊंचा डावा शूज आधीच त्या पान्यात पडला होता, ते कोनाच्या ध्यानात आलं नाय. त्यांच्या पन नाय.

त्यांनी बॉल घेतला, चार पावलं टाकली. शेवटचं पाऊल घसरायला पायजे, तळ ओला म्हनून ते चिकटलं. मानूस पुढं गेला, पाय मागं राहिला. अंगठा अजून बॉलच्या भोकात होता. मी काउंटरवरनं तो आवाज ऐकला. पिनांचा नव्हता.

डॉक्टरनं प्लास्टर घातलं, काढलं. अंगठ्याच्या मुळाशी काय फाटलं होतं ते धड जुळलं नाय. डॉक्टर बोलला, चहाचा कप धराल, बॉल विसरा. भाऊ तरी येऊन माझ्या काउंटरशेजारी बसायचे. पयले टोमने मारायचे, मंग नुसते बघायचे. मंग दाढी करायचे बंद झाले. मंग यायचेच बंद झाले.

मी बोंबलाचं कालवन घेऊन त्यांच्याकडं गेली. दार उघडंच होतं. भाऊ पलंगावर बसलेले, दुपार असून खिडकीचा पडदा ओढलेला. घरात बसलेला मानूस मला लगेच कळतो. माझा नवरा कंपनी बंद झाल्यावर असाच बसला होता. आधी घरात बसला, मंग पलंगावर, मंग उठलाच नाय.

मी पडदा सारला. बोलली, "वैदेही विचारत होती, स्पर्धेचं काय करायचं?"

"दुसरा जोडीदार बघायला सांगा तिला."

"ती बोलली, काका दोन हातानं टाकतील तर बघू."

"तिनं म्हटलं?" ते एकदम ताठ झाले. "वहिनी, सगळ्यांदेखत म्या काय काय बोललो त्या दोन हातांना. हांडा बोललो, दळान बोललो. पोरं परत धाडली. आता मी तेच करू? बोललेलं सगळं गिळू?"

"गिळा की. आमी मिठागर गिळलं, शेत गिळलं, मानूस गिळला. तुमचे चार शब्द काय जड हायत?"

मी कालवन वाढलं, भात वाढला. जेवले. डाव्या हातानं जेवता येत नव्हतं, उजव्यानंच जेवले, अंगठा बाजूला ठेवून. घास नीट होत होता. मी ते बघितलं, त्यांनी पन बघितलं.

पुढच्या रविवारी दाढी करून आले. वैदेही शूज बांधत होती. तिच्यासमोर उभे राहिले आनि बोलले, "शिकीव."

मला वाटलं, ही आता सोडत नाय म्हाताऱ्याला.

ती बोलली, "फी लागेल, काका."

"किती?"

"मला कोपऱ्यातली पिन पाडायला शिकवायची. ती तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही इथं."

भाऊ बोलले, "आदी पळायची थांब. चोर लागल्यागत पळतीस."

"झाली का सुरुवात!"

मंग वैदेही ऑफिस सुटल्यावर पन यायला लागली, रोज चाललं. भाऊंचे पयले बॉल सगळे पट्टीच्या कडेला नाली असते तिच्यात. पोरं हसली तर भाऊच सांगायचे, "हसा, हसा. म्या पन हसलोय." ती त्यांचा खांदा धरून वाकवायची, "अजून खाली, काका, कंबर आहे की लोखंड?" ते तिला कोपऱ्याच्या पिनेसाठी हात सरळ ठेवायला सांगायचे, "तिला वळवायला जाऊ नगं, तिच्या घरी सरळ जा." हळूहळू ह्यांच्या बॉलला फिरकी आली, तिच्या बॉलला सबुरी आली.

पन स्पर्धेचा एक नियम होता. बॉलला जेवढी भोकं, तेवढ्यांत बोट पायजे. रिकामं भोक चालत नाय. म्हंजे निळ्या बॉलचं अंगठ्याचं भोक बुजवायला पायजे. वैदेही बोलली, "काका, माझा दुसरा बॉल वापरा, तुमचा असू दे तसाच." भोकं पाडनारा मानूस बॉल न्यायला आला तेव्हा भाऊंनी तो माझ्या काउंटरवर ठेवला, अंगठा आत घालून बघितला. अर्धाच गेला. बाहेर काढला, पोरानं चड्डीला हात पुसावा तसा पँटीला पुसला आनि बोलले, "बुजवून टाक. उघडं ऱ्हायलं तर रोज घालून बघत बसंन."

बॉल परत आला तेव्हा त्या जागी फिकट निळं ठिगळ होतं. मी त्यावरनं हात फिरवला. गुळगुळीत होतं.

स्पर्धेत आमची जोडी दुसरी आली. शेवटी शेवटी वैदेहीची कोपऱ्यातली पिन उरली. तिनं बॉल सरळ तिच्या घरी पाठवला. पिन पडली, तेव्हा भाऊ इतके ओरडले की पंचानं त्यांना खाली बसवलं. बक्षिसाचा कप छोटा होता, तिनं तो त्यांनाच दिला. ते बोलले, "साखर ठेवायला बरा हाय."

त्यानंतर भाऊ काही वर्सं खेळले. शिकायला येनाऱ्या पोरांना आता हात विचारायचे नाय, मनगट बघायचे, खांदा बघायचे, मंग सांगायचे कोनी एक लावायचा, कोनी दोन. परत पाठवलेल्या पोरांपैकी एक मोठा होऊन परत आला, त्याला त्यांनी पट्टीवर सगळ्यांदेखत बोलून दाखवलं की चूक माझी होती, चल, शूज घाल. मी त्याला शूज दिले.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एका सोमवारी ते आले, खेळले, वैदेहीशी भांडले, जाताना मला बोलले, "वहिनी, खोकला वाटतो जरा, उद्या येत न्हाई." मंगळवारी आले नाय. बुधवारी सकाळी पुन्याहून त्यांच्या पोराचा मॉलमध्ये फोन आला, बाबा पहाटे झोपेतच गेले. तो रडत होता, बोलत होता, मी जवळ नव्हतो, मावशी, एकटेच घरात बसून असायचे.

मी त्याला सांगितलं, "नाय रे बाबा. दोन हातानं टाकायला लागल्यापासून तुजा बाप घरात एकच दिवस बसला."