ओठांवरचं बोट

चौकात आमचं पथनाट्य रंगलं होतं. टुरेट सिंड्रोम असलेल्या मुलीचं काम करणारी रेवती मान झटकत होती, मधूनच हुंकारत होती, आणि बघणारे डोळे पुसत होते. तेवढ्यात गर्दीतून खरा हुंकार आला. तो मुग्धाचा होता. तिला टुरेट आहे. रेवतीला हे सगळं तिनेच शिकवलं होतं. आमचा दिग्दर्शक सुहासदादा गर्रकन वळला आणि त्याने तिच्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. ‘त्यांना गप्प करू नका, हे त्यांच्या हातात नसतं,’ असं छापलेली पत्रकं त्याच्याच काखेत होती.

मी पत्रकं वाचतच वाढले. छापल्या शब्दाला माणसं जागतात, असं मानत आले. आता वाटतं, आम्हाला दुसऱ्याचं दुःखही तालीम केलेलंच हवं असतं, ठरल्या जागी येणारं आणि टाळ्यांआधी थांबणारं.

“अगं, शेवटचाच प्रसंग होता. जरा दम धरायचास!” नंतर दादा मुग्धाला म्हणाला.

“धरता आला असता, तर हे नाटक कशाला केलं असतं रे?”

दादा हसला. त्याला तो विनोद वाटला.

पुढच्या प्रयोगाला मुग्धा आली नाही. प्रयोग अगदी निर्विघ्न पार पडला, असं दादाने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.