भिंतवालीच्या दोन खोल्या

संशोधन केंद्रात तिला सगळे ‘भिंतवाली’ म्हणत. इमारत बांधताना आणि पुढे ती थंड ठेवताना हवेत किती कार्बन जातो आणि तो कमी कसा करता येईल, हे शोधणं तिचं काम. नवरा चारचौघांत सांगायचा, "हिचं माझ्यापेक्षा भिंतीशी जास्त पटतं. भिंत उलट बोलत नाही ना!"

केंद्रामागच्या मोकळ्या जागेत तिने दोन खोल्या उभ्या केल्या. एक नेहमीच्या सिमेंटची, दुसरी चुना, माती आणि भुशाच्या विटांची. दुसरीचा गिलावा तिच्या वडिलांनी केला होता. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. पुन्हा थापी हाती आल्यावर कोण आनंद झाला त्यांना! ऊन तापलं तसं सिमेंटच्या खोलीत क्षणभर उभं राहवेना, तर दुसरीत वडील खुशाल डुलकी काढायचे. नव्या इमारतींचे नियम ठरवणारी समिती म्हणाली होती, "अशा विटा नियमांत घ्यायच्या तर पूर्ण उन्हाळ्याचे तापमानाचे आकडे आणा, मग बघू."

उन्हाळा अर्ध्यावर आला आणि केंद्राच्या साहेबांनी तिला बोलावलं.

"तिथे पार्किंग होणार आहे. खोल्या पाडायच्या."

"उन्हाळा संपेपर्यंत तरी थांबा, साहेब."

"वरून आलंय, बाई. माझ्या हातात काय आहे?"

ती समितीच्या अध्यक्षांकडे धावली. ते म्हणाले, "अर्धवट आकड्यांवर नियम केला तर बिल्डर आमची सालटी काढतील."

"मग खोल्या तरी वाचवा!"

"ते आमचं खातं नाही."

पाडणारं यंत्र आलं तेव्हा ती मातीच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावून बसली. चालक खिडकीशी आला. "ताई, मी नाही पाडली तर दुसरा कोणी पाडेल. उगाच जिवाशी खेळू नका." तिने खिडकीही लावून घेतली. शेवटी कुणीतरी वडिलांना बोलावून आणलं.

"बाहेर ये, बाळा."

"तुमचा गिलावा आहे हा, बाबा."

"म्हणून काय माझ्याच भिंतीखाली तुला गाडू?"

तिने कडी काढली. भिंत पहिल्या धक्क्याला पडली नाही. तेवढा वेळ वडिलांनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

समितीने नियम होते तसेच ठेवले. त्याच नियमांवर केंद्रासमोर काचेची उंच इमारत उभी राहिली. तिने नव्या जागेसाठी किती खेटे घातले, पण कुणी दाद दिली नाही. एकदा जेवताना वडील म्हणाले, "परत बांधू या का गं?"

"कुठे, बाबा?"

वडिलांनी तिच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.