सत्तेचाळीसाव्या पानावरचं तिकीट

"तुमच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलंय," डॉक्टर म्हणाले. "याला मॅक्युलर होल म्हणतात. कधीपासून त्रास होतोय?"

"झाले असतील पंधरा दिवस," मी म्हणाले.

मागे स्टुलावर बसलेले आमचे हे खाकरले. "पंधरा दिस न्हाय, डॉक्टर. दिवाळीपास्नं हाय हे."

मी मागे वळून बघितलं. मी ह्यांना एका शब्दानं बोलले नव्हते.

"पुस्तकात खुणेला एस.टी.चं तिकीट असतंय हिचं," हे म्हणाले. "दिवाळीला झाडलोट करताना सत्तेचाळीसाव्या पानावर हुतं. संक्रांतीला बघितलं, तर तितंच. हिचं पुस्तक आठवड्याच्या वर टिकत न्हाय."

आता कळलं, की 'माजा चष्मा बदलायचाय, चल संगं' म्हणून मला कन्हेरीहून बारामतीच्या दवाखान्यात आणलं होतं ते का. तिथं पोचल्यावर ह्यांनी स्वतःच्या नावाऐवजी माझंच नाव सांगितलं होतं. मला राग आला, आणि रडूही आलं.

मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी, त्यानं माणूस दिसतं पण अक्षर लागत नाही. जे काही वाचलं ते सगळं उजव्या डोळ्यावर. दिवाळीच्या आधी दाराची चौकट मधेच वाकडी दिसायला लागली. मग ओळीतलं मधलं अक्षर गायब व्हायला लागलं. ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच नाही, आणि आजूबाजूची जागेवर. मी चष्मा पुसला, गुलाबपाणी घातलं, आणि गप्प बसले.

गप्प का बसले ते सांगते, कारण तीच माझी चूक. आमच्या ओट्यावर दर रविवारी चार वाजता आम्ही सात जणी जमतो. चहा होतो, आणि प्रत्येकीनं सध्या काय वाचतेय आणि त्यातलं काय आवडलं ते सांगायचं. हे मीच सुरू केलं. पुस्तकं माझ्या पत्र्याच्या पेटीतली. गावात मला 'पुस्तकवाल्या बाई' म्हणतात. पुस्तकवाल्या बाईला अक्षर दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी दर रविवारी जुनी वाचलेली पुस्तकं नवी म्हणून सांगत राहिले. एकदा शेजारची पुष्पा म्हणालीसुद्धा, "बाई, हे तर तुमी गेल्या साली सांगितलं हुतं." मी म्हणाले, पुन्हा वाचतेय. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की ते फार सोपं जातं.

ओसीटी नावाचा स्कॅन झाला. त्यात पडद्याच्या थरांचा फोटो निघतो, दुखत काही नाही. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मधे खरोखर खड्डा होता.

"ऑपरेशननं हे बहुतेक वेळा बुजतं," ते म्हणाले. "पण आधी आला असता तर छिद्र लहान असतं. वाचता किती येईल याचा शब्द मी आज देत नाही."

 

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून तिथं गॅसचा फुगा भरतात. फुगा वर जाऊ बघतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला टेकून छिद्र दाबून धरतो. डोळा बधिर करतात, तासाभराचं काम. ऑपरेशनला भिऊ नका. खरी परीक्षा पुढचे सात दिवस, खाली मान घालून.

सात दिवस पालथं कसं पडायचं? ह्यांनी त्यावर तोड काढली. आमच्या बाजेची नवार डोक्याकडे उसवून तोंड मावेल एवढी जागा केली, भोवती जुन्या लुगड्याची चुंबळ बांधली. चहा नळीनं. बाजेखालची फरशी, आणि डाव्या डोळ्याला दिसतील तेवढ्या ह्यांच्या भेगाळलेल्या टाचा, एवढंच माझं जग. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण त्या टाचांना कधी तेल लावावं असं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या टाचा समोर येऊन बसल्या, आणि आवाज आला, "सत्तेचाळीसाव्या पानावरनं वाचू का?"

हे सातवी शिकलेले. वाचन म्हणजे बाजारभाव आणि खताच्या पोत्यावरचं. बोट ठेवून, शब्द जुळवत वाचतात. कादंबरी होती विहिरीच्या पाण्यावरून अबोला धरलेल्या दोन भावांची. पहिल्या दिवशी तीन पानं झाली. मधेच थांबून विचारायचे, "ह्यो धाकटा आदी कसा हुता?" मग मी खाली फरशीकडे बघत पहिल्या सेहेचाळीस पानांतलं सांगायची.

चौथ्या दिवशी पुस्तक धाडकन मिटलं. "आखाडात ऊसतोड दाखवलीया! ह्या लेखकाला आदी फडात आणा. आखाडात कुठला कारखाना चालू असतोय?" मला हसू आवरेना, आणि हलायची तर बंदी.

मधे रविवार आला. बायका आत येऊन बाजेभोवती बसल्या. मी खाली मान घालूनच सगळं सांगून टाकलं. मान तशीही वर करायची नव्हती, त्यामुळे सोपं गेलं. मग पुष्पा म्हणाली, "अवो बाई, मी चार म्हयनं एकच पुस्तक उशाला घिऊन झोपतीया. न्हाय वाचलं म्हनून कोन फाशी देतंय व्हय? आबा, तुमी सांगा, तुमी सध्या काय वाचताय?"

आणि आबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, अर्धा तास त्या दोन भावांचं गाऱ्हाणं मांडलं. थोरल्याचंच चुकलंय, असा निकालही दिला.

सातव्या दिवशी अकरा पानं उरली असताना हे थांबले. "माजंच डोळं दुखाय लागलं," म्हणाले. तिकीट आत घातलं आणि पुस्तक पेटीत ठेवलं. पुढं मी कितीदा म्हणाले वाचा, तर ह्यांचं "बघू की."

फुगा हळूहळू विरला. आधी डोळ्यात पाण्याची पातळी हलल्यासारखी दिसायची, ती रोज खाली जायची. महिन्यानं पुन्हा स्कॅन. डॉक्टर म्हणाले, "छिद्र बुजलंय. वाचायचं काय ते आता डोळा आपल्या सवडीनं सांगेल." मार्चमध्ये वर्तमानपत्राचे मथळे लागले. एप्रिलात कॅलेंडरचे आकडे.

कॅलेंडरवरून एक सांगून ठेवते. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी बघा, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली तर लाज धरू नका, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. सगळ्यांच्या घरात तिकिटाकडे बघणारं माणूस असेलच असं नाही.

अक्षय तृतीयेच्या दुपारी मी पेटी उघडून तिकिटाचं पान काढलं. नव्या चष्म्यातून ओळ दिसली. मधलं अक्षर अजून जरा दबकं होतं, पण होतं. मी ह्यांना हाक मारली. हे हात पुसत आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"तुमी खरंच पुढं बघितलं न्हाय?" मी विचारलं. तीन महिने पुस्तक ह्यांच्या हाताशी होतं.

"न्हाय. तू वाचून दावशील म्हनून ठिवलंय." मग दम न निघून म्हणाले, "थोरला बोलतो का गं?"

पुढचं अक्षर लागायला मला जरा वेळ लागला. चष्म्याचा दोष नव्हता.

अकरा पानांना तीन दुपारी लागल्या. थोरला बोलला की नाही ते सांगत नाही, पुस्तक पेटीत आहे, न्या. शेवटची ओळ संपली. मी तिकीट काढून बाजूला ठेवलं आणि पुस्तक मिटायला लागले.

"मिटतीस काय?" हे म्हणाले. "पयली सेहेचाळीस पानं म्या कुठं वाचल्यात? वाच की."