खालच्या ओळीतला फोटो

दापोडीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे मी कॉलेजच्या प्रिंट काढायला जायचो. पन्नाशीचा माणूस. स्क्रीनवरून नजर न हलवता बोलायचा आणि दुपारी एकटाच जेवायचा. भागातल्या टोळीचे वाढदिवसाचे फ्लेक्स तोच बनवायचा. एकदा माऊस फिरवत म्हणाला, “मधे भाई. बाजूचे दोघं त्याचे हात. भाई आत गेला की त्यातलाच एक मधे येतो. खाली नुसते शुभेच्छुक. पोलीस आधी हीच ओळ उचलतात, राव.”

पुढे गल्लीतल्या पोरांनी भाईच्या फ्लेक्ससाठी माझाही फोटो मागितला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

फ्लेक्स न्यायला त्यांच्यासोबत गेलो, तर खालच्या ओळीत मी नव्हतोच.

“ह्याचा फोटो कुठंय?”

“माझ्याकडनं डिलीट झाला, भाऊ. चुकलं.”

“डोळे गेले का काका? आता सगळं काम चिंचवडला देतो, बसा माश्या मारत!”

तो फ्लेक्सची गुंडाळी करू लागला.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेलो. तो हळू आवाजात म्हणाला, “इथं येत जाऊ नको. त्यांना कळंल.”

आता त्या दुकानावरून जाताना मी थांबत नाही. तोही मान वर करत नाही.